न पाहता दिलेला आशीर्वाद

बुरुलकान एजेला, आमच्या सगळ्यांच्या थोरल्या ताईला, पळण्याबद्दल काही विचारायचं म्हणजे तीन दिवस हातात ठेवून जावं लागायचं. पहिल्या दिवशी ती फक्त म्हणायची, "पळून दाखव." दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मानेला दोन बोटं लावून, घड्याळाकडे बघत नाडी मोजायची. झोप किती लागते, सकाळी काय खाऊन निघतेस, घरात पाणी कोण भरतं, असल्या भलत्याच चौकशा करायची आणि मग कुठे एखादं वाक्य बोलायची. ते वाक्यही बहुतेक वेळा "आठवडाभर पळू नकोस" एवढंच असायचं. ऐकणाऱ्याचं तोंड एवढंसं व्हायचं. पण काराकोलच्या शाळेत तिने एकतीस वर्षं मुलांना पळायला शिकवलं आणि तेवढ्या वर्षांत तिच्या हाताखालचं एकही पोर पाय मोडून घरी बसलं नाही. हे आमच्या गावात कुणीही सांगेल.

ती स्वतः पळायची त्या काळी गावाचं नावही वेगळं होतं. तेव्हा बायकांनी बेचाळीस किलोमीटर पळायचं म्हणजे लोक आधी हसायचे आणि मग काळजी करायचे. गालिना स्तेपानोव्हना नावाची एक रशियन बाई तिला शिकवायची. फार खडूस. एका वहीत रोजचं सगळं लिहून ठेवायची आणि ज्याला स्वतःच्या डोळ्यांनी पळताना पाहिलेलं नाही त्याला चकार शब्द सांगायची नाही. बुरुलकानने तिच्याकडून हीच एक गोष्ट घेतली आणि ती जन्मभर पाळली. एकदाच मोडली, ती कशी ते आता सांगायचं आहे.

निवृत्त झाल्यावर ती मुलगा आणि सून अनारकुल यांच्याबरोबर खिंडीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या घरात राहायची. दारात जर्दाळूची चार झाडं आणि एक बाक. सकाळचा दूध घातलेला चहा झाला की ती बाकावर येऊन बसायची आणि रस्त्याने वर पळत जाणारी पोरं बघायची. पोरं छातीला हात लावून मान झुकवायची आणि पुढे जायची. थांबून विचारणारं मात्र हल्ली कुणी राहिलं नव्हतं. आता फोन आले होते. फोन तीन दिवस थांबवत नाही, विचारलं की लगेच सांगतो, वर "शाबास, वाघिणी" असंही म्हणतो. नाडी मोजणाऱ्या म्हातारीच्या दारात कोण कशाला ताटकळत बसेल? बुरुलकानला त्याचं वाईट वाटत नव्हतं असं नाही, पण तसं बोलून दाखवणाऱ्यांतली ती नव्हती.

एप्रिल संपता संपता, जर्दाळू फुललेले असताना, बेकतेमिर तिच्याकडे आला. तिचाच विद्यार्थी. दीड हजार मीटरला कायम चौथा यायचा. पुढे बिश्केकला गेला आणि पळण्याबद्दल बोलायचा एक चॅनेल काढून बसला. पळण्यात चौथा आलेला हा मुलगा बोलण्यात मात्र पहिला आला. दोन लाख लोक त्याला ऐकत होते. येताना त्याने एजेसाठी लोकरीची शाल आणली, सोबत फोन धरायला एक मित्र आणला. चहा झाला, जुन्या आठवणी झाल्या, कोण कुठे असतं ते झालं. मग तो गुडघे टेकून तिच्यासमोर बसला.

"एजे, तुमच्या आशीर्वादाशिवाय माझं काम अर्धवट वाटतं बघा. द्याल ना?"

आमच्याकडे असं मागणाऱ्याला वडीलधारं माणूस नाही म्हणत नाही. त्यातून विद्यार्थी, त्यातून पाहुणा. बुरुलकानने दोन्ही तळहात छातीसमोर उघडले.

"तुझी वाट मोकळी होवो. पायाला दगड न लागो. तुझ्या शब्दाने लोकांचं भलं होवो. ओमीन."

ओमीन म्हणजे तसंच होवो. तिने तोंडावरून हात फिरवले, त्याने फिरवले, फोन धरणाऱ्यानेही एका हाताने फिरवले. घटकाभर बसून ते निघून गेले. त्याचे शब्द कोणते, हे तिने त्याला विचारलं नाही. तिच्या फोनवर फक्त मुलीचे फोन यायचे आणि बाकी सगळं तिला किरकिर वाटायची.

दुसऱ्या दिवसापासून बेकतेमिरच्या प्रत्येक व्हिडिओच्या सुरुवातीला ते हात दिसू लागले. फुललेली झाडं, म्हातारे उघडे तळहात आणि "तुझ्या शब्दाने लोकांचं भलं होवो". त्यानंतर बेकतेमिर हसत समोर यायचा आणि आजचा सल्ला सुरू करायचा. अनारकुल सासूला आपा म्हणायची; तिने एकदा कौतुकाने दाखवलंही. "आपा, बघा, तुम्ही किती छान दिसताय." बुरुलकानने सुरुवातीचं पाहिलं, लाजली आणि फोन परत दिला. पुढचं तिने ऐकलंच नाही.

पलीकडच्या गल्लीत कालिपा एजे राहायची, बुरुलकानहून आठ-दहा वर्षांनी मोठी. तिची नात आयकानिश सतरा वर्षांची होती. हडकुळी, लांब पायांची, आणि धावायला लागली की बघत राहावं अशी. बुरुलकानच्या निवृत्तीनंतर मोठी झालेली, त्यामुळे तिच्या हाताखालून गेलेली नव्हती. पण रोज दारावरून जायची आणि बुरुलकानच्या मनात दर वेळी येऊन जायचं की या मुलीने एकदा तरी थांबावं. थांबली असती तर तिचं काय काय करता आलं असतं! पण न मागता शिकवणं हे मागणाऱ्याला नाकारण्याइतकंच वाईट, असं मानणारी ही पिढी.

"आमची पोर बेकतेमिरचं ऐकून तयारी करते हं," कालिपा एजेने मे महिन्यात फुशारकीने सांगितलं. "तुझाच ना तो? म्हणजे तुझीच म्हण ना."

बुरुलकान हसली. तिला ते ऐकून बरंच वाटलं.

जूनच्या शेवटी तिच्या लक्षात आलं की आयकानिशचा डावा पाय जमिनीवर जरा कमी वेळ टेकतोय. दुसऱ्या कुणाला दिसलंही नसतं. दुसऱ्या दिवशी पाहिलं, तिसऱ्या दिवशी पाहिलं. चेहरा उतरलेला, दंड काडीसारखे. चौथ्या दिवशी तिने बाकावरून हाक मारली, "बालम, अगं लेकरा, जरा थांब."

आयकानिशने पळता पळताच छातीला हात लावला. "एजे, आज अठरा किलोमीटर आहेत!" आणि ती वर निघून गेली.

उठून मागे जावं असं बुरुलकानच्या मनात आलं. मग वाटलं, ती दुसऱ्याची शिष्या, तोही आपलाच विद्यार्थी, त्याला कळत असेलच. आपण मध्ये तोंड घालणं बरं दिसणार नाही. नऊ दिवस ती मूग गिळून बसली आणि नऊ दिवस ती मुलगी तिच्या डोळ्यांसमोरून लंगडत गेली.

दहाव्या दिवशी आयकानिश खिंडीच्या रस्त्यावर खाली कोसळली ती उठलीच नाही. एका घोडेवाल्याने तिला उचलून आणलं. मांडीचं हाड खुब्याला मिळतं तिथे तुटलं होतं. एका दिवसात तुटलेलं नव्हतं, डॉक्टर म्हणाले, आठवडे न् आठवडे चिरत गेलं होतं. बिश्केकला नेऊन शस्त्रक्रिया केली, आत खिळे बसवले. वर्षभर पळण्याचं नावही काढायचं नाही, पुढचं पुढे बघू, असं सांगितलं. "पुढे बघू" याचा अर्थ बुरुलकानला नीट ठाऊक होता.

मुलगी घरी आल्यावर ती भेटायला गेली. कालिपा एजेने चहा दिला पण तिच्याकडे पाहिलं नाही. आयकानिश भिंतीशी उशा लावून पडली होती. तिने उठायचा प्रयत्न केला, बुरुलकानने तिला खांद्याला धरून निजवलं.

"दुखत कधीपासून होतं, बालम?"

"मेच्या शेवटापासून. पण दुखणं म्हणजे मनाचा आळस, असं बेकतेमिरभाऊंनी सांगितलं होतं. आळसाला भीक घालायची नाही."

"जेवत होतीस?"

"सकाळी उपाशी पळायचं. संध्याकाळी पाच वाजल्यानंतर काही खायचं नाही. हलकं शरीर लवकर पळतं."

बुरुलकानने आवाज खाली आणला. "आणि पाळी?"

मुलीने भिंतीकडे तोंड केलं. "मेपासून आलीच नाही. त्यांच्या चॅनेलवर एक बाई आल्या होत्या, त्या म्हणाल्या, थांबली म्हणजे शरीर तयार झालं. चांगली खूण आहे म्हणाल्या."

शाळेत पहिल्या दिवशी बुरुलकान मुलींना बाजूला घेऊन हीच गोष्ट सांगायची, की पाळी थांबली तर तुम्हीही थांबा आणि माझ्याकडे या. एकतीस वर्षं सांगितलं होतं. ही मुलगी तिच्या दारापासून दोनशे पावलांवर राहत होती.

"अगं मग मला का नाही विचारलंस? मी रोज तिथेच तर बसलेली असते!"

आयकानिशला त्या प्रश्नाचं खरोखरच नवल वाटलेलं दिसलं.

"तुम्हाला कसं विचारणार, एजे? तुम्ही आशीर्वाद दिला होतात त्याला. पुन्हा तुम्हालाच विचारायचं म्हणजे तुमच्यावर संशय घेतल्यासारखं झालं असतं. मी तर म्हणायचे, दुखलं तरी चालेल, एजेंनी ओमीन म्हटलंय ना."

त्या खोलीतून ती कशी बाहेर पडली ते तिला नंतर आठवेना. चहा तसाच राहिला होता. आमच्याकडे चहा टाकून उठणं म्हणजे अपमान, पण कालिपा एजेने तिला अडवलं नाही.

घरी येऊन तिने अनारकुलला म्हटलं, "बेकतेमिरचं सगळं मला दाखव. पहिल्यापासून."

चार दिवस ती फोन घेऊन बसली. वही काढली आणि गालिना स्तेपानोव्हनासारखं एकेक लिहीत गेली. सगळंच खोटं निघालं असतं तर तिला सोपं गेलं असतं. पण निम्मं बरोबर होतं. बुटांबद्दल बरोबर, चढावर छोटी पावलं टाका हे बरोबर, ते तर तिनेच त्याला शिकवलेलं. त्या बरोबर गोष्टींच्या मध्येच, त्याच हसऱ्या आवाजात, मुलीचं हाड मोडणाऱ्या गोष्टी. ऐकणाऱ्याने कुठलं उचलायचं आणि कुठलं टाकायचं हे कशावरून ओळखावं? एकच खूण होती. प्रत्येक वेळी, खऱ्याच्या आधी आणि खोट्याच्याही आधी, तिचे स्वतःचे हात. ते हात बघून पोरांनी सगळंच उचललं होतं.

आयकानिशने त्याला दोनदा लिहिलं होतं, तेही अनारकुलने शोधून दाखवलं. "भाऊ, मांडीत आत दुखतंय, पळू का?" त्याने उत्तरादाखल हसरा चेहरा आणि वळलेली मूठ पाठवली होती.

तिने त्याला फोन लावला. तब्येत, घरदार, गुरंढोरं सगळं विचारून झाल्यावर ती म्हणाली, "आयकानिशचं कळलं का तुला?"

"कळलं, एजे. फार वाईट झालं. पण मी तिला ओळखतही नाही हो. तिने मला नीट सांगितलं असतं तर..."

"दोनदा लिहिलं होतं तिने. तू मूठ पाठवलीस."

"अहो, दिवसाला चारशे लोक लिहितात मला!"

"चारशेंपैकी पळताना किती जणांना पाहिलंस?"

"एजे, आता जग तसं राहिलेलं नाही. आणि मी काय मनचं सांगतो का? मोठमोठ्या लोकांचं ऐकून सांगतो."

"त्यांनी कुणाला पाहिलं होतं?"

यावर तो त्या लोकांची नावं सांगू लागला.

"माझे हात काढून टाक, बेकतेमिर."

तो हसला. उर्मटपणे नाही, लाडात आलेल्या मुलासारखा. "एजे, दिलेला आशीर्वाद कुणी परत घेतं का? तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला?"

तिने फोन ठेवला. खरंच, तिनेच शिकवलं होतं.

आठवडाभराने कालिपा एजे स्वतः चालत तिच्या दारात आली. बसली नाही.

"बुरुलकान, हात उलटे कर."

हात उलटे करणं म्हणजे काय ते आमच्याकडे लहान पोरालाही समजतं. तळहात बाहेरच्या बाजूला वळवून बोललेला शब्द माणसाच्या घरादाराला लागतो म्हणतात. गावात असं शेवटचं कुणी केलं ते कुणाला आठवतही नाही.

"तू दिलेलं तूच उलटव," कालिपा एजे म्हणाली. "माझी पोर आता भिंत धरून चालते आणि तो तिकडे हसतोय तुझ्या हातांच्या आड उभा राहून."

"नाही करणार, एजे."

"का? तुझा लाडका म्हणून?"

"हात उलटे केले तर सगळं त्याच्या डोक्यावर जाईल आणि मी सुटेन. मला सुटायचं नाहीये. त्याचे शब्द न ऐकता ओमीन मी म्हटलं. तुमची पोर नऊ दिवस माझ्यासमोरून लंगडत गेली आणि भिडेपायी मी गप्प बसले. त्याने तर तिला पाहिलंही नव्हतं. मी पाहिलं होतं."

कालिपा एजे जायला वळली. "मग हे कुणाला सांगणार आहेस? मला एकटीला?" एवढं विचारून ती निघून गेली.

त्या प्रश्नाने बुरुलकानची झोप उडवली. उरलेला महिना ती बाकावर बसली नाही. ज्या शब्दावर ती आयुष्यभर जगली तो आता दोन लाख फोनांत दुसऱ्याच्या मालकीचा होता, आणि त्यावर विसंबून आणखी किती मुलं लंगडत असतील याचा तिला अंदाजच बांधता येत नव्हता.

ऑगस्टच्या एकतीस तारखेला, स्वातंत्र्यदिनी, आमच्या मैदानावर दरवर्षी दहा किलोमीटरची शर्यत होते. सुटण्याआधी पोरं रांगेत उभी राहतात, एखादं वडीलधारं माणूस आशीर्वाद देतं आणि मगच शिट्टी वाजते. गेली कित्येक वर्षं ते माणूस म्हणजे बुरुलकान. या वर्षी तिला बोलावताना क्रीडा समितीचा माणूस जास्तच आदराने बोलला. तिचे हात आता प्रसिद्ध होते.

दीडशेएक पोरं उभी होती. कितीतरी जणांच्या अंगात बेकतेमिरच्या चॅनेलचं नाव छापलेले सदरे. आईबाप दोरीपलीकडे फोन उंचावून तयार. बुरुलकान ध्वनिक्षेपकासमोर आली. पोरांनी सवयीने तळहात उघडले आणि वाट पाहू लागली. तिने हात उचलले नाहीत.

"मी बुरुलकान," ती म्हणाली. "तुमच्यातल्या निम्म्यांना मी ओळखत नाही, पण तुम्ही माझे हात ओळखता. फोनमध्ये रोज बघता. त्या हातांनी मी एका मुलाला आशीर्वाद दिला, आणि तो काय सांगतो ते मी ऐकलेलंच नव्हतं. तीन महिन्यांनी ऐकलं. त्यातलं काही बरोबर आहे आणि काहीने हाडं मोडतात. आयकानिशचं मोडलं. चूक माझी आहे. त्याच्यासारखीच माझीही."

दोरीपलीकडे कुजबुज सुरू झाली. "म्हातारीला झालंय काय?" असं कुणीतरी मोठ्याने म्हणालं. समितीचा माणूस पुढे सरकला, पण तिच्यासमोरून ध्वनिक्षेपक ओढून घ्यायची त्याची छाती झाली नाही.

"मुलींनो, पाळी थांबणं ही चांगली खूण नाही. उपाशी पळू नका. आणि दुखणं म्हणजे आळस नव्हे. आत्ता ज्यांना कुठे दुखतंय त्यांनी खाली बसा. माझा मान राखायचा म्हणून पळायचं नाही. जी उभी राहतील त्यांनाच मी आशीर्वाद देईन."

कुणी हललं नाही. सगळ्या गावासमोर, आईबापांसमोर, शिट्टीच्या तोंडावर खाली बसायचं, ही काय गंमत आहे? बुरुलकान तशीच उभी राहिली. समितीच्या माणसाने दोनदा घड्याळ पाहिलं.

दुसऱ्या रांगेतली चौदा-पंधरा वर्षांची एक मुलगी हळूच गवतावर बसली आणि बुटाची नाडी सोडू लागली. तिच्या आईने पलीकडून ओरडून काहीतरी सांगितलं, मुलीने मान वर केली नाही. मग मागून एक मुलगा बसला. मग कडेच्या दोन बहिणी एकमेकींचा हात धरून बसल्या. मोजले तेव्हा अकरा जण खाली होते.

तेव्हा कुठे बुरुलकानने तळहात उघडले आणि उभ्या राहिलेल्यांना आशीर्वाद दिला. शिट्टी झाली, पोरं सुटली, मैदान रिकामं झालं. ती गवतातून चालत त्या पहिल्या मुलीपाशी गेली आणि गुडघे टेकून तिच्यासमोर बसली.

"कुठे दुखतं, बालम?"

मुलीने नडगीवर बोट ठेवलं.

"कधीपासून?"

"जूनपासून."

"कुणाला सांगितलं होतंस?"

मुलीचे डोळे भरून आले. "नाही, एजे. आत्ता तुम्ही विचारलंत, तेव्हाच."

बुरुलकानने तिचा पाय अलगद आपल्या मांडीवर घेतला. बाकीची दहा मुलं उठून, कुणी लंगडत तर कुणी बूट हातात घेऊन, तिच्यामागे रांग लावून उभी राहत होती.